सदतीस फोटो आणि एक फूटपट्टी

दिवाळी अंकातल्या समीक्षेच्या पानांकडून वाचकांची काय अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. वर्षातल्या कादंबऱ्यांचा आढावा, एखाद्या नव्या कवीचे कौतुक, एखाद्या जुन्या नाटककाराशी थोडेसे भांडण. चकली मोडता मोडता वाचावे आणि पटले तर मान डोलवावी. यंदा मी परीक्षणाला घेतलेले पुस्तक मात्र कुठल्याही दुकानात मिळायचे नाही. त्याला प्रकाशक नाही, किंमत नाही, मुखपृष्ठही नाही. ते आहेत एका अपघाताचे सदतीस फोटो. सणासुदीला हा विषय काढला म्हणून आधीच क्षमा मागतो. रक्ताचे वर्णन मी करणार नाही, एवढे आश्वासन देतो. मला बोलायचे आहे ते फोटोंविषयी, आणि थोडेसे स्वतःविषयी.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे जुन्या भाषेत मी मॅट्रिक. पुढे चित्रशिक्षकाचा वर्ग केला आणि तालुक्याच्या गावी शाळेला लागलो. दिवसा मुलांना यथार्थदर्शन शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. आमच्या शाळेचे शिपाई नाना हे जातिवंत शिंपी. शाळा सुटली की घरी मशीन धरायचे. शाळेच्या पगारात घर चाले आणि मशीनच्या पैशात मुलीचे शिक्षण. गेल्या आषाढात एका संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना ओढ्याच्या मोरीपाशी त्यांना टेंपोने उडवले. जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे मात्र कायमची निकामी झाली.

दोन महिन्यांनी नानांची मुलगी माझ्याकडे आली. माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, “सर, वकीलसाहेब म्हणतात, फोटो नीट निवडून आणा. मोबाइलवर कोणाकोणाचे मिळून सदतीस झालेत. तुम्ही चित्रकला शिकवता, कादंबऱ्या लिहिता. तुम्हीच निवडून द्या.”

एखाद्या लेखकाला यापेक्षा मोठा मान तो कोणता? मी सदतीस फोटो छापून घेतले, जेवणाच्या चटईवर मांडले आणि परीक्षकाच्या थाटात वाचू लागलो.

पहिले बावीस फोटो गर्दीने काढलेले. त्यांत नानांचा चेहरा आहे, हात आहे, वाकलेल्या माणसांचे पाय आहेत. पण रस्ता एकातही नाही. पुढचे आठ टेंपोचे, बहुतेक सगळे बंपरच्या अगदी जवळून घेतलेले. पाच रुग्णालयातले, त्यांत पांढऱ्या बँडेजखेरीज काही दिसत नाही. शेवटचे दोन मुलीने घरी काढलेले. गर्दीच्या बाविसांत एक फोटो निराळा होता. ओला रस्ता, त्यावर पडलेला दिव्याचा पिवळा झोत, पांढऱ्या पट्ट्याशेजारी एक चप्पल आणि तिला खेटून जेवणाचा डबा. माणूस कुठेच नाही. त्या रिकामेपणातच सारा अपघात सामावला होता. तो फोटो मी सगळ्यांच्या वर ठेवला.

वकीलसाहेबांनी तोच सगळ्यांत आधी बाजूला सारला. “गुरुजी, चित्र छान आहे. पण यात रस्त्याची कड कुठे आहे? मोरी कुठे आहे? हा रस्ता आपल्या ओढ्याचा की कोकणातला, हे मी कशावरून सांगू?”

मला राग आला. मी भोपाळचा दाखला दिला. १९८४ च्या डिसेंबरात त्या शहरात विषारी वायूने माणसे मेली, तेव्हा मातीत पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचे छायाचित्र रघु राय यांनी कृष्णधवल काढले आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचे जागतिक वृत्तछायाचित्राचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात तरी रस्त्याची कड कुठे आहे? पण ज्याने ते एकदा पाहिले, तो भोपाळ विसरला नाही.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, “खरे आहे. पण त्या मुलाचे नाव काय?”

मी गप्प झालो. त्या मुलाचे नाव कोणालाच कळलेले नाही. १९८९ साली कंपनीने ४७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पण भरपाईच्या अर्जाला नाव लागते, पत्ता लागतो, वारस लागतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध अशा त्या जखमेच्या चित्रावर कोणाला अर्ज करता आला नसता. म्हणून ते चित्र खोटे ठरत नाही. ते जगाच्या मनापुढे उभे राहिले आणि तिथे त्याने आपले काम केले. तालुक्याच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहणारे चित्र निराळ्या जातीचे असावे लागते. भावगीत आणि सातबाराचा उतारा दोन्ही मराठीतच लिहिलेले असतात. पण एकाच्या कसोटीला दुसरे लावून चालत नाही. रसिकांना हे सांगायला नको, मला मात्र सांगावे लागले.

वकीलसाहेबांनी ठेवून घेतलेला फोटो मी मुळीच लक्षात न घेतलेला, असा होता. तो काढला होता नाक्यावरच्या पानटपरीवाल्याने. गर्दी जमायच्या आधी तो ओढ्याच्या बाजूला वीसेक पावले मागे गेला होता. त्याच्या फोटोत किलोमीटरचा दगड आहे, विजेचा खांब आहे, मोरीचा कठडा आहे. कठड्याला टेकून पडलेली सायकल, कडेच्या मुरुमात पडलेला डबा, पुढे थांबलेला टेंपो आणि त्याची नंबरपाटी, सारे एकाच चौकटीत आहे. चित्र म्हणून ते अगदी नीरस. क्षितिज तिरपे झाले आहे आणि एका कोपऱ्यात त्याचे स्वतःचे बोट आले आहे. माझ्या वर्गातल्या मुलाने असे चित्र आणले असते तर मी दहापैकी चार गुण दिले असते.

आणि तरीही तेच चित्र बोलत होते. कोण कुठे होते, हे त्यातून कळत होते. कायदाही नेमके हेच मागतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपासी पोलीस अधिकाऱ्याने अपघाताच्या जागेचे व वाहनांचे फोटो काढायचे असतात, रस्त्याची रुंदी आणि वाहनांच्या व माणसांच्या जागा दाखवणारा नकाशा प्रमाणात काढायचा असतो आणि कोणी जखमी असेल तर रुग्णालयात जाऊन त्याचेही फोटो घ्यायचे असतात. पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाकडे जायचा असतो. नकाशा ‘प्रमाणात’ हवा, हा शब्द वाचून माझ्यातला चित्रशिक्षक सुखावला. पण नानांच्या वेळी पोलीस येईपर्यंत लोकांनी सायकल आणि डबा उचलून बाजूला ठेवले होते. त्यांच्या फोटोत रस्ता आहे, टेंपो आहे; मूळ जागी पडलेली सायकल नाही. ती आहे फक्त पानवाल्याच्या फोटोत.

प्रमाण ही गोष्ट आम्ही पाचवी-सहावीच्या वर्गात शिकवतो आणि पुढे विसरतो. जवळची वस्तू मोठी दिसते, दूरची लहान. टेंपोच्या बंपरपाशी मोबाइल धरला की बंपर डोंगराएवढा होतो आणि रस्त्याचा बोळ होतो. जखमेचेही तसेच. इंचभराचा व्रण जवळून वीतभर दिसतो, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाला तेवढेच पुरते. एका फोटोतली अतिशयोक्ती दाखवून तो बाकीच्या छत्तीस फोटोंवर संशय उभा करतो. पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फोन्स बेर्तियाँ याने यावर उपाय काढला. घटनास्थळाच्या छायाचित्राच्या कडांनाच त्याने मोजमापाच्या खुणा दिल्या, म्हणजे चित्रावरून अंतर काढता येईल. हाच बेर्तियाँ १८९४ साली ड्रायफस प्रकरणात हस्ताक्षराचा जाणकार म्हणून पुढे आला आणि निरपराध माणसाविरुद्ध चुकीचे मत देऊन बसला. पट्टी हाती आहे म्हणून प्रत्येक गोष्ट मोजता येत नाही, हा धडाही त्याच्याकडूनच घ्यावा.

मी माझी वर्गातली लाकडी फूटपट्टी मुलीला दिली. सांगितले, बाई, व्रणाचे नवे फोटो काढ. आधी पूर्ण नाना दिसू देत, मग खांद्यापासून हात, मग व्रण. पट्टी व्रणाशेजारी त्याच पातळीवर ठेव आणि मोबाइल वरून सरळ धर. पट्टी ठेवलेला एक घे आणि न ठेवलेलाही एक घे, म्हणजे पट्टीखाली काही लपवले असे कोणी म्हणणार नाही. सांगता सांगता लक्षात आले की चांगली कादंबरीही याच क्रमाने चालते. आधी गाव, मग घर, मग माणूस. गाव न दाखवता एकदम माणसाच्या जखमेत शिरणारा लेखक वाचकाला रडवू शकेल. ती जखम कुठली, हे त्याला सांगता येणार नाही.

काळाचेही तसेच. मुका मार पहिल्या दिवशी नीट दिसत नाही. तो उमटतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मग निळा, जांभळा, हिरवट, पिवळा होत विरतो. बँडेजच्या फोटोत फक्त बँडेज असते. म्हणून एका फोटोपेक्षा दिवसागणिक काढलेली मालिका खरे बोलते. पण एवढ्यावर भागत नाही. नानांच्या पुतण्याने हौसेने दोन फोटोंतला लाल रंग अधिक लाल केला होता. का, तर “नीट दिसावे म्हणून”. वकीलसाहेबांनी ते दोन्ही तिथल्या तिथे रद्द केले. शिवाय फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर व्हॉट्सॲपने पाठवला की तो आकसतो आणि कुठल्या क्षणी, कुठल्या यंत्राने काढला ही त्याच्या पोटातली नोंद गळून पडते. मूळ फोटो मूळ मोबाइलमध्येच जपावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदींबरोबर द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे. त्यात त्या नोंदीचा संगणकाने काढलेला ठसाही लिहायचा असतो. त्याला हॅश म्हणतात. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

हे सारे ऐकताना माझे हात गार पडत चालले होते. कारण वकीलसाहेबांनी तो चप्पल-डब्याचा फोटो पुन्हा हाती घेतला होता.

“गुरुजी, एक अडचण आहे. पानवाल्याच्या फोटोत डबा कडेच्या मुरुमात आहे. यात तो रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्याजवळ आहे. टेंपोवाल्याचे म्हणणे असे की सायकल एकदम मध्ये आली. हा फोटो गावभर फिरला आहे आणि त्यांच्या वकिलांच्या फायलीतही पोचला आहे. डबा मध्ये पडला म्हणजे सायकल मध्ये होती, असे ते म्हणणार. नानांचीही चूक ठरली तर भरपाई तेवढ्या हिश्शाने कमी होईल. हा फोटो काढला कोणी, हे काही कळत नाही.”

तो मी काढला होता.

त्या संध्याकाळी मी स्कूटरवरून घरी चाललो होतो. मोरीपाशी पोचलो तेव्हा जखमी माणसाला रिक्षातून नेले होते. कोण होता, हे मी विचारलेसुद्धा नाही. रस्त्यावर चप्पल पडलेली, मागून दिव्याचा झोत. माझ्यातला लेखक जागा झाला. डबा कडेला होता. चौकट रिकामी वाटत होती. मी तो पायाने सरकवत चपलेशेजारी आणला, फोटो काढला आणि आमच्या शिक्षकांच्या गटावर पाठवला. खाली दोन ओळीही लिहिल्या होत्या. अनेकांनी वाहवा केली. रात्री कळले की ते नाना होते. तो डबा अकरा वर्षे रोज मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उघडला गेला होता. मी तो ओळखला नव्हता.

मुलगी समोर बसली होती. मी सांगून टाकले. ती काही बोलली नाही. तिने तो फोटो गठ्ठ्यातून काढून माझ्या हातात दिला.

वाचकहो, कादंबरीत मी आयुष्यभर हेच करत आलो आहे. कडेचा डबा मध्ये आणतो, खिडकीतला पाऊस नायिकेच्या डोळ्यांपाशी आणतो. ती रचना असते आणि वाचकालाही तसे ठाऊक असते. आमचा तसा करार असतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाशी मात्र माझा असा काही करार नव्हता. एका सुंदर चौकटीच्या मोहाने मी त्याच्याविरुद्ध साक्ष तयार केली. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता हे खरे. पण हेतू कोणाचाही असो, डबा हलला तो हललाच.

आणि म्हणून मी या समीक्षेच्या खऱ्या मुद्द्याशी येतो. फोटो स्वतः साक्ष देत नाही. त्याच्यामागे उभा राहणारा माणूस साक्ष देतो. जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीवरून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्ज कधी दाखल झाले हे दाखवणाऱ्या ध्वनिचित्रफिती त्यात पुरावा म्हणून होत्या. २०२० साली अर्जुन खोतकर प्रकरणात न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याचा अर्थ लावताना सांगितले, की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवे. पण ज्याच्या मोबाइलमध्ये ती नोंद प्रथम झाली तो मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते मूळ यंत्रच सिद्ध करील, तर प्रमाणपत्राची गरज नाही. कायद्याच्या पुस्तकातल्या या वाक्यात मला एक जुनी गावरान नीती दिसते. पाहिलेस ना? मग ये आणि सांग.

सांगायला येणे लोकांना नको असते, त्यालाही कारणे आहेत. पानवाला प्रथम नाहीच म्हणाला. टपरी बंद ठेवून तारखांना जायचे, पोलीस दारात यायचे, याची त्याला भीती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या इच्छेवर असते. हे त्याला समजावले, तेव्हा तो थोडा विचार करून म्हणाला, “सक्ती नाही म्हणता, मग येतो.”

शेवटी मुलीच्या त्या दोन फोटोंविषयी. त्यांत रक्त नाही, बँडेजही नाही. एकात नाना खाटेवर बसले आहेत आणि उजव्या हातात कापड कापायची मोठी कात्री धरायचा प्रयत्न करत आहेत. अंगठा वाकत नाही. दुसऱ्यात कात्री जमिनीवर आहे. बस्स. माझ्या दृष्टीने या संग्रहातले हे सर्वांत मोठे चित्र. आणि आश्चर्य म्हणजे वकीलसाहेबांच्या दृष्टीनेही.

कारण न्यायाधिकरण जखमेचे मोल करते ते नुसत्या जखमेवरून नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साधे उदाहरण दिले आहे. डावा हात गेला, तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र राहू शकते. हात तोच, तोटा निराळा. नानांच्या एकाच देहात हे दोघे राहतात. शिपाई नानांची नोकरी राहिली. शिंपी नाना संपले. बावीस रक्ताळलेल्या फोटोंत हे कुठेच नव्हते. तेसुद्धा एकट्या कात्रीच्या फोटोने सिद्ध होत नाही. डॉक्टरांचा दाखला लागतो, शिलाईची वही लागते, ज्यांचे कपडे नानांनी शिवले ती माणसे लागतात. फोटो त्या सर्वांना एका जागी बसवतो, एवढेच.

आता या दिवाळीत घरोघरी फोटो निघतील. आकाशकंदील, रांगोळी, पाडव्याचे ओवाळणे. काढावेत, सजवून काढावेत; रांगोळीशेजारची पणती थोडी सरकवली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण रस्त्यावर माणूस पडलेला दिसला तर आधी त्याला उचलणाऱ्यांत आपला हात असू द्या. तो गाडीत गेल्यावर वेळ असला तर वीस पावले मागे जा. दगड, खांब, कड दिसू द्या. कशालाही पाय लावू नका. काढलेला फोटो कोणत्याही गटावर न पाठवता त्याच्या घरच्यांना द्या आणि बरोबर आपले नावही द्या.

नानांच्या दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. पानवाला जाणार आहे. मीही जाणार आहे. डबा कोणी हलवला, हे सांगायला. वकीलसाहेबांनी आधीच बजावले आहे, “गुरुजी, विचारतील तेवढेच सांगायचे. कादंबरी नको.” मुलगी अजून माझ्याशी फारशी बोलत नाही. फूटपट्टी मात्र तिने परत आणून दिली.